दुखणं खरं आहे, एवढं आधी म्हणा : डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
दीर्घकाळच्या दुखण्यावर उपचार करणारे सर्व डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांस,

स. न. वि. वि.

अपघातात मोडलेलं हाड जुळलं, टाके निघाले, फिजिओथेरपीचा कोर्सही पुरा झाला. तुमच्या फाइलीत माझी केस तिथे संपली. दुखणं मात्र संपलं नाही, आणि त्यानंतर ज्या ज्या तपासणीच्या खोलीत मी जाऊन बसले तिथे मला आलटून पालटून दोनच वाक्यं ऐकायला मिळाली. एक, "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत." दुसरं, "आता हे असंच राहणार, सवय करून घ्या." पहिलं ऐकून मला वाटायचं, म्हणजे यांच्या मते मला काही झालेलंच नाही. दुसरं ऐकून वाटायचं, म्हणजे आता काही होण्यासारखं उरलेलं नाही. बोलणारी माणसं वाईट नव्हती. घाईत होती, बाहेर रांग होती. पण या दोन वाक्यांच्या मधलं कितीतरी तुमच्याच शास्त्राला ठाऊक आहे, आणि ते आमच्यापर्यंत पोचत नाही. हे पत्र त्यासाठी.

मी डॉक्टर नाही. रात्री झोप लागत नाही म्हणून वाचत गेले, आणि वाचताना आधी बरं वाटलं, मग राग आला. बरं यासाठी, की माझ्या दुखण्याला वैद्यकशास्त्रात चांगली रीतसर जागा आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकणारं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे जुनाट वेदना, असं तुम्ही मानता. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात जुनाट वेदनेला स्वतःचा वेगळा वर्ग आहे, आणि त्यातल्या एका प्रकारात तर दुखणं हे दुसऱ्या कुठल्या रोगाचं लक्षण न धरता दुखणं हाच आजार धरला आहे. आयएएसपी या वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा तिला काही टिपा जोडल्या. त्यांतली एक टीप अशी, की एखादी व्यक्ती मला वेदना होतात असं सांगत असेल तर तिच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. राग आला तो ही टीप वाचून. जे तुमच्या व्याख्येला जोडून छापलेलं आहे ते मिळवायला मी किती दारं ठोठावली!

स्कॅनबद्दल थोडं बोलते, कारण आमचा सगळा जीव त्या पाकिटात अडकलेला असतो. १९९४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. पाठदुखी अजिबात नसलेल्या ९८ जणांच्या कमरेचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या, ५२ टक्क्यांच्या, मणक्यांमधल्या किमान एका चकतीला फुगवटा होता. सगळ्या चकत्या ठीक असलेले निघाले फक्त ३६ टक्के. म्हणजे चित्रात बिघाड दिसूनही माणूस मजेत असू शकतो. मग उलटंही होऊ शकतं ना? चित्र स्वच्छ आणि माणूस हैराण? हे तुम्ही कॉलेजात शिकलेले असता. पण पाकीट उघडून प्रकाशात धरताना तुमचा चेहरा असा होतो जणू आता खरं-खोटं होणार आहे, आणि आम्ही खुर्चीत आरोपीसारखे बसून राहतो. खरं सांगू? कितीदा तरी मी मनातून प्रार्थना केली आहे, की यात काहीतरी वाईट निघू दे. धडधाकट माणसाला हे वाचून विचित्र वाटेल. ज्याचं जळतं त्याला कळतं.

तुमच्या शास्त्रातली एक गोष्ट बरेचदा हसून सांगितली जाते. १९९५ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ती आहे. २९ वर्षांच्या एका बांधकाम कामगाराने उडी मारली ती थेट पंधरा सेंटिमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटातून आरपार बाहेर आला. जराशा हालचालीनेही तो कळवळत होता, म्हणून त्याला गुंगीचं औषध देऊन खिळा काढला. बूट उतरवला तर खिळा बोटांच्या फटीतून गेलेला, पायाला ओरखडासुद्धा नाही. हसू येतं खरं. पण त्या माणसाचं कळवळणं नाटक होतं असं तिथल्या कुणीही म्हटलं नाही. त्याच्या मेंदूने डोळ्यांसमोरचा पुरावा पाहून धोक्याचा निष्कर्ष काढला, आणि वेदना हा तो निष्कर्ष होता. याच्या नेमकं उलट निरीक्षण हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांबद्दल १९४६ मध्ये नोंदवलं होतं: जबर जखमा झालेल्यांपैकीही बहुतेक जण वेदनाशामक नको म्हणत होते. जखम आणि वेदना यांचं प्रमाण एकास एक नसतं, हे इतक्या जुन्या काळापासून माहीत आहे.

मला हे सगळं समजावून सांगितलं ते एका तरुण फिजिओथेरपिस्टने, गुडघ्यावर कागद ठेवून चित्र काढत. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेच्या संशोधकांनी मांडलं, की मज्जारज्जूत संदेश जसाच्या तसा वर जात नाही. तिथे तो वाढतो किंवा दबतो, आणि मेंदूही वरून त्यात हात घालतो. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की इजा झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच जास्त उत्तेजित होतात. मग साधा स्पर्शही त्यांना पुरतो. तो म्हणाला, "एकदा घरफोडी झालेल्या घराचा राखणदार कसा पुढे पान हललं तरी शिट्टी फुंकतो, तसं तुमच्या मज्जासंस्थेचं झालंय. चोर आता नाहीये. पण शिट्टी खरीच वाजतेय, ती तुम्हाला खरीच ऐकू येतेय. आपण राखणदाराला हळूहळू समजावायचं." त्या दिवशी माझं दुखणं तसूभरही कमी झालं नाही. घरी जाताना मी जिना मात्र कठडा न धरता उतरले, कारण इतके दिवस मी समजत होते, की प्रत्येक कळेबरोबर आत काहीतरी फाटतंय. दुखतंय याचा अर्थ नव्याने मोडतंय असा नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पहिली विनंती. "रिपोर्ट नॉर्मल आहेत" यावर थांबू नका. त्याला पुढचं वाक्य जोडा. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे घाबरण्यासारखी इजा उरलेली नाही. तुमचं दुखणं खरं आहे, ते मज्जासंस्थेतून येतंय, आणि त्यावर काम करता येतं." एवढं बोलायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही, मी घड्याळ लावून पाहिलं आहे. इथे एक सावधगिरी तुमच्याचकडून शिकलेली: असं म्हणण्याआधी नीट तपासा. नव्याने आलेला अशक्तपणा, उतरलेलं वजन, ताप, लघवीवरचा ताबा जाणं, या खुणा जुन्या दुखणेकऱ्यातही उद्भवू शकतात. "तुमचं ते नेहमीचंच" म्हणून त्या निसटता कामा नयेत.

आता आघाताबद्दल. अपघात असो, मारहाण असो, आपत्ती असो किंवा अतिदक्षता विभागातले दिवस असोत, शरीराबरोबर मनालाही मार बसतो, हे तत्त्व म्हणून सगळ्यांना मान्य असतं. व्यवहारात मात्र हाडांचे डॉक्टर एका मजल्यावर आणि मनाचे दुसऱ्या, मध्ये आम्ही फाइल घेऊन जिने चढतो. आघातानंतरच्या तणावविकाराला अमेरिकन मनोविकारशास्त्राच्या अधिकृत यादीत १९८० साली जागा मिळाली. हा विकार आणि जुनाट वेदना एकमेकांना पोसतात हेही आता नवं राहिलेलं नाही. माझ्या बाबतीत ते असं चालतं. गाडीचा करकचून ब्रेक ऐकू येतो. खांदे कानांपर्यंत चढतात. मान आखडते. आखडलेली मान दुखायला लागली, की दुखणं अपघाताची आठवण करून देतं. त्या रात्री झोप नाही, आणि झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुखणं दुप्पट. या साखळीची सुरुवात मानेत झाली की मनात, हे विचारण्यात अर्थच नाही. तरी प्रत्येक खोलीत मला एक बाजू निवडायला लावली जाते. मानसिक म्हटलं तर हाडांचे डॉक्टर हात झटकतात, शारीरिक म्हटलं तर समुपदेशक म्हणतात आधी ते बरं करून या.

तुम्ही एकमेकांना चिठ्ठी लिहा, एवढंच म्हणणं आहे. दोन ओळींची चालेल. रुग्णाने तीच भीषण गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगणं हासुद्धा एक त्रास असतो, आणि प्रत्येक वेळी सांगताना ती किंचित बदलते. मग फाइलीत कुणीतरी लिहून ठेवतं, "माहितीत विसंगती".

अंगाला हात लावण्याआधी विचारा. तुम्हाला हे औपचारिक वाटेल. ज्याचं शरीर एकदा त्याच्या इच्छेविरुद्ध चिरडलं गेलंय, त्याला मागून आलेला तपासणीचा हातही दचकवतो, आणि दचकलेल्या अंगाची तपासणी चुकीची उतरते. "आता मी पाठीवर दाबणार आहे, नको असेल तेव्हा सांगा," असं म्हणणारा डॉक्टर मला एकदाच भेटला, आणि त्याला माझ्या पाठीबद्दल इतरांपेक्षा जास्त कळलं. काय घडलं होतं ते सगळं तपशिलात उकरून काढायची तुम्हाला गरज नाही. "असं काही होऊन गेलंय का, ज्यामुळे ही तपासणी तुम्हाला अवघड जाईल?" हा प्रश्न पुरतो. उत्तर नाही दिलं तरी चालेल, हेही म्हणा.

मग येतो तो आकडा. शून्य ते दहामध्ये दुखणं किती? मला या प्रश्नाचा कंटाळा आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत त्याचा उपयोग असेल, नाही म्हणत नाही. वर्षानुवर्षं दुखत असलेल्या माणसाला तो रोज विचारणं म्हणजे त्याला दिवसभर आपल्या दुखण्यावर पाळत ठेवायला शिकवणं. शिवाय आम्ही हिशेबी होतो. सहा म्हटलं तर दुर्लक्ष होईल, नऊ म्हटलं तर नाटकी ठरू, म्हणून आठ. तो आठ दुखण्याचा नसतो, तुमच्यावरच्या विश्वासाचा असतो. मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये जी प्रश्नावली आणली ती आकड्यांऐवजी शब्दांवर उभी होती, आणि आमच्या भाषेत शब्दांची काय कमी आहे? ठणकतं, ठुसठुसतं, सलतं, चमक निघते, कळ येते, आग होते, मुंग्या येतात, रग लागते, बधिर पडतं. आग आणि मुंग्या म्हटल्यावर तुम्हाला मज्जातंतूचा संशय यायला हवा, आणि ठणका म्हटल्यावर वेगळं काही सुचायला हवं. फॉर्मवर या शब्दांना जागा नाही, म्हणून आम्ही आठ सांगतो आणि तुम्ही आठ लिहिता.

त्याऐवजी विचारा, की मागच्या महिन्यात जे जमत नव्हतं त्यातलं आता काय जमतं. मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं त्या दिवशी मी चकित झाले. दुखणं होतं तेवढंच होतं, पण मी लग्नाच्या पंगतीत शेवटपर्यंत बसले होते, आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"झेपेल तेवढं करा" हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो आणि तो आमचा घात करतो. चांगल्या दिवशी खूप झेपतं. मग आम्ही साठलेली सगळी कामं काढतो, दुसऱ्या दिवशी पडतो, चार दिवस अंथरुणात काढतो, शरीर आणखी अशक्त होतं आणि पुढच्या वेळी आणखी लवकर पडतं. विल्बर्ट फोर्डायस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वी दाखवलं होतं, की हालचाल दुखण्याच्या हुकुमावर न ठेवता आधी ठरवलेल्या मापावर ठेवली तर माणसं पुन्हा उभी राहतात. माप लावायचं ते वाईट दिवशीही जमेल एवढंच, आणि चांगल्या दिवशीही त्याच मापावर थांबायचं. यात थांबणं सर्वांत अवघड. बरं वाटत असताना खुर्चीत बसून राहायला जो निश्चय लागतो तो धावायलाही लागत नाही. हे मापाचं गणित आम्हाला तुमच्याकडून हवं आहे, कागदावर लिहून, वाढवायचं कधी आणि किती याच्यासकट.

औषधांबद्दल एकच मुद्दा, पण तो फार लोकांना छळतो. जुनाट वेदनेवर तुम्ही अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून देता. रुग्ण घरी येतो, डब्यातला कागद उलगडतो, किंवा मुलगा मोबाइलवर शोधून सांगतो, की ही तर नैराश्याची गोळी आहे. गॅबापेंटिन असेल तर फिट्सची. झालं! डॉक्टरांनी तोंडावर गोड बोलून आपल्याला वेडं ठरवलं अशी खात्री होते, आणि गोळी कपाटात जाते. मेंदूकडून खाली येऊन वेदनेचे संदेश दाबणारे जे मार्ग आहेत, त्यांना यांतली पहिली दोन औषधं बळ देतात. त्यांतल्या अमिट्रिप्टिलिनची वेदनेसाठीची मात्रा सहसा नैराश्यासाठीच्या मात्रेपेक्षा कमी असते. लिहून देतानाच हे सांगितलंत तर गोळी पोटात जाईल. सगळ्यांना ती लागू पडत नाही, तोंड कोरडं पडतं, सकाळी जड वाटतं, हेही त्याच दमात सांगा. आम्ही अर्धवट आशेपेक्षा पूर्ण माहिती बरी पेलतो.

तेच नव्या उपचारांबाबत. २०२१ मध्ये 'जामा सायकायट्री'ने जुनाट पाठदुखीच्या १५१ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूला वेदनेचा अर्थ नव्याने लावायला शिकवणाऱ्या चार आठवड्यांच्या उपचारानंतर ६६ टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळपास तसे झाले. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. वाचून माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही. पण ती माणसं सौम्य ते मध्यम तीव्रतेच्या पाठदुखीची होती, आणि प्रत्येक दुखणं त्या जातीचं नसतं. असा एक अभ्यास हातात घेऊन आम्हाला "तुम्ही ठरवलंत तर बरे व्हाल" म्हणू नका. त्यात बरं न होण्याचा दोष नकळत आमच्या इच्छाशक्तीवर येतो.

"सकारात्मक राहा" हेही जरा बाजूला ठेवा. अपघाताआधीची मी जिवंत नाही. डोंगर चढणारी, रात्रभर जागून गप्पा मारणारी, कुठल्याही आमंत्रणाला आधी हो म्हणणारी ती बाई गेली, आणि तिचं सुतक कुणीही पाळलं नाही, कारण देह तर समोर चालता बोलता आहे. तिच्यासाठी रडायला मला फार उशिरा परवानगी मिळाली, तीही एका समुपदेशक बाईंकडून. त्या एवढंच म्हणाल्या, "इतकं गेल्यावर माणूस रडेलच ना." त्यानंतर कुठे मला उरलेल्या आयुष्यात काय ठेवायचं याचा विचार सुचू लागला. डोंगर गेला, पायथ्याची वाट राहिली. पूर्ण वेळची नोकरी गेली, अर्धवेळ काम राहिलं. याला कुणी तडजोड म्हणतं, कुणी स्वीकार. मला नावात रस नाही. दुखणं जाईल तेव्हा जगू असं म्हणत बसण्यापेक्षा हे बरं चाललं आहे.

घरच्यांनाही पाच मिनिटं द्या. आमचं ऐकून ते थकलेले असतात. एखाद्या दिवशी हसताना पाहतात आणि दुसऱ्या दिवशी झोपून, म्हणून त्यांनाही आतून शंका येते, आणि आपल्याला शंका आली याची लाज वाटते. दुखणं दिवसागणिक बदलतं, उगाच कामाला हात लावू न देणंही बरं नाही आणि टोमणाही बरा नाही, हे आम्ही सांगितलं तर सबब वाटते. तुम्ही सांगितलंत की तो सल्ला होतो. माझ्या नवऱ्याला एका डॉक्टरांनी हे सांगितल्यापासून तो "आज किती दुखतंय?" विचारत नाही. "आज काय करायचा बेत आहे?" विचारतो.

आणि शेवटची मागणी, जी खरं तर सगळ्यांत सोपी आहे. तुमच्याजवळचे उपाय संपतात, हे आम्हाला कळतं. ते कबूल करायला तुम्हाला जड जातं हेही दिसतं. तेव्हा तुम्ही म्हणता, "आता यायची गरज नाही, काही वाटलं तर या." कृपा करून तसं म्हणू नका. तीन महिन्यांनंतरची का होईना, एक तारीख लिहून द्या. त्या दिवशी नवीन गोळी नसेल, नवीन तपासणी नसेल, तरी चालेल. मापाचा कागद घेऊन मी येईन, मधल्या काळात काय जमलं ते सांगेन आणि दहा मिनिटांत उठेन.

कळावे,
आपली,
एक जुनी रुग्ण